खारसरची आजारी आळी

जया हिवराळे यांनी एकतीस वर्षं घाटकोपरला पालिकेच्या शाळेत भूगोल शिकवला. त्यातही वाळवंटाचा धडा म्हणजे त्यांचा हातखंडा. वाळवंट त्यांनी स्वतः कधी पाहिलं नव्हतं. माहेर बुलढाण्याकडचं, सासर अकोल्याचं, त्यामुळे आयुष्यभराचा सगळा प्रवास मुंबईहून पूर्वेला. वायव्येला जायचं काही कारणच पडलं नाही. पण बाई तो धडा घ्यायला लागल्या की वर्गाच्या घशाला कोरड पडायची. पोरं एकामागून एक उठून पाणी प्यायला जायला मागायची. शेवटी मुख्याध्यापकांनी नियमच करून टाकला, की हिवराळे बाईंनी वाळवंट मधल्या सुट्टीच्या आधीच्याच तासाला घ्यावं.

निवृत्तीला सहा महिने झाले असतील, तेव्हा त्यांचा जुना विद्यार्थी विकी सोनवणे घरी आला. शाळेत असताना हा नकाशात नद्या उलट्या वाहवायचा. आता टीव्हीच्या मालिकेत सहायक दिग्दर्शक झाला होता. जयाबाईंचे यजमान रतनराव टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन शब्दकोड्यात शिरलेले; त्यांनी मान वर न करताच विकीला बस म्हटलं.

विकीचं काम वेगळंच होतं. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी एका बंद कारखान्याच्या जागेत त्यांनी वाळवंटातलं एक गाव उभं केलं होतं. मातकट भिंती, बाजारपेठ, घुमटाची छत्री, विहीर, सगळं झकास. अडचण माणसांची होती. बाजारातून जी चाळीस माणसं नुसती ये-जा करायची, ती सगळी अंधेरीला रिक्षा शोधत असल्यासारखी दिसायची. दिग्दर्शिका मधुवंती मॅडम फार बारकाव्याच्या. त्यांनी एका फेटेवाल्याला थांबवून विचारलं, तू या गावात किती वर्षं राहतोस? तो म्हणाला, दोन दिवस, मॅडम, सकाळी सातची शिफ्ट. मॅडमनी त्या क्षणी शूटिंग थांबवलं. या गावाला इतिहास नाही, म्हणून यांच्या चालण्यात वजन नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"बाई, तुम्हीच लिहा ना इतिहास," विकी म्हणाला. "गावाचं नाव खारसर. बाकी सगळं तुमच्यावर."

जयाबाईंना आधी वाटलं हा चेष्टा करतोय. पण रतनरावांनी कोड्यातून डोकं काढून म्हटलं, लिही की, नाहीतरी दुपारी मला वाळवंट सांगतच असतेस. मग बाईंनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आठ दिवसांत बारा पानं लिहिली.

खारसर वसलं ते एका उंटामुळे. व्यापाऱ्यांचा तांडा चालला होता, पुढचा उंट एका जागी बसला आणि तीन दिवस उठेना. तांड्यात दोन तट पडले. काही म्हणाले, उंट शहाणा आहे, त्याला खालचं पाणी कळलंय. काही म्हणाले, उंट आजारी आहे. खणलं तर पाणी लागलं, आणि चौथ्या दिवशी उंट मेलाही. त्यामुळे दोघांचंही खरं ठरलं आणि भांडण कायमचं राहिलं. गावाच्या दोन आळ्या झाल्या. एक शहाणी आळी, दुसरी आजारी आळी.

मग बाईंनी गावाचा स्वभाव लिहिला. लहान वाळवंटी गावात माणसं कमी बोलतात, कारण तोंड उघडलं की वाळू जाते. वादळात चेहरा दिसत नाही म्हणून ती एकमेकांना खोकल्यावरून ओळखतात. अंतर कोसात नाही तर घोटात मोजतात. शेजारचं गाव अकरा घोटांवर. पाहुण्याला कुठून आलात विचारत नाहीत, किती घोट आलात विचारतात. आणि तिथली सगळ्यात वाईट शिवी म्हणजे 'तुझ्या घरावर पाऊस पडो', कारण भिंती मातीच्या.

एवढं सगळं भराभर उतरलं. एका वाक्यापाशी मात्र त्या अडल्या. विहिरीबद्दलचं वाक्य. त्यांची आजी मेहकर तालुक्यातल्या ज्या गावात नांदली, तिथे ती विहिरीपासून दहा पावलं लांब घागर ठेवून उभी राहायची. कोणी तरी वरून ओतलं तर पाणी, नाहीतर ऊन. आजी हे सांगताना रडायची नाही, फक्त दहा पावलं म्हणजे किती ते खोलीत चालून दाखवायची. जयाबाईंनी ते वाक्य सात वेळा खोडलं आणि शेवटी असं लिहिलं: "खारसरच्या विहिरीला दोर एकच आहे. जो आधी येईल तो आधी भरेल. घागर कोणाची, हे विचारायची पद्धत या गावात नाही."

बारा पानांच्या चाळीस प्रती निघाल्या. मधुवंती मॅडमनी चाळीसच्या चाळीस जणांची तोंडी परीक्षा घेतली. बाई एकदा सेट बघायला गेल्या, तर फेटेवाला खरोखर वेगळा चालत होता. त्याने त्यांना अदबीनं विचारलं, किती घोट आलात? बाईंच्या तोंडून निघून गेलं, घाटकोपरहून चार. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तिथे त्यांची धाकू मेस्त्रींशी ओळख झाली. साठीचा माणूस, मूळ कणकवलीकडचा. वडील गिरणीत होते. गिरणी गेल्यावर धाकूंनी सुतारकाम धरलं आणि गेली पंचवीस वर्षं सेट बांधत होते. राजवाडे, पोलीस ठाणी, न्यायालयं, स्वर्गसुद्धा दोनदा बांधला होता.

"बाई, गाव तुमी लिवलास," ते म्हणाले, "पण बांधलंय मीयां."

बाईंना ते पटलं. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी एकाच गावच्या माणसांसारखं बोलू लागले.

मालिका काही चालली नाही. चौतीस भागांत गुंडाळली. सेट पाडायचा तर जागामालक आणि निर्माता यांचा कोर्टात वाद लागला, म्हणून कोणी हात लावेना. मुलुंडच्या पावसात त्या वाळवंटी गावावर निळी ताडपत्री घालावी लागली, आणि राखणीला धाकू मेस्त्रींना ठेवलं. एवढ्यावर हे संपायला हवं होतं. पण जाहिरातीसाठी विकीनं ती बारा पानं इंटरनेटवर टाकून ठेवली होती. 'खारसर: एका वाळवंटी गावाचा इतिहास आणि स्वभाव' असं शीर्षक, खाली जया हिवराळे, निवृत्त शिक्षिका. हे मालिकेसाठी लिहिलंय, हे लिहायचं तो विसरला.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी बोरिवलीहून मधुकर खारसकर नावाचे गृहस्थ दारात उभे राहिले. विमा कंपनीतून निवृत्त, पांढरा शुभ्र शर्ट, हातात बारा पानांची प्रत आणि डोळ्यांत पाणी. चहा घेताना त्यांनी सांगितलं, की जन्मभर ते आपल्या आडनावाचं गाव शोधत होते. रत्नागिरीत नाही, साताऱ्यात नाही. लोक चेष्टेनं विचारायचे, खारसकर म्हणजे कुठले? आज सत्तराव्या वर्षी त्यांना उत्तर मिळालं होतं.

जयाबाईंना फार वाईट वाटलं, पण खोटं चालवून घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की असं गाव नाही. ते मी याच टेबलावर बसून रचलं. मधुकररावांनी टेबलाकडे आदरानं पाहिलं.

"बाई, तुम्हाला वाटतंय तुम्ही रचलं," ते म्हणाले. "पण ते तुम्हाला सुचलं कुठून, याचा विचार केलात का?"

मग त्यांनी तिसरं पान उघडून एक दुरुस्ती सुचवली. विहीर गावाच्या पूर्वेला लिहिली आहे, ती पश्चिमेला हवी. त्यांच्या पणजोबांना उठल्यावर पश्चिमेकडे तोंड करून चूळ भरायची सवय होती, त्या अर्थी पाणी पश्चिमेलाच असणार.

त्या महिन्यात आणखी अकरा जण आले. सांताक्रूझच्या एका डॉक्टरीण बाईंकडे घरात कोणाच्याही चेहऱ्याकडे न बघता नुसत्या खोकल्यावरून माणूस ओळखायची परंपराच होती. पवईच्या एका इंजिनियरची आजी पावसाला शिव्या द्यायची. चेंबूरच्या दोन भावांकडे तर उंटाचा दात निघाला. रतनरावांनी तो हातात घेऊन बघितला आणि नंतर बाईंना हळूच सांगितलं की तो नारळाच्या करवंटीचा तुकडा आहे. प्रत्येकाला बाई तेच सांगायच्या, की गाव नाही. प्रत्येक जण मान डोलवायचा, जसं जुन्या घराण्यातल्या विक्षिप्त पण विद्वान माणसाला आपण सांभाळून घेतो तसा.

फेब्रुवारीत 'खारसर मूळ रहिवासी मंडळ' रीतसर स्थापन झालं. घाटकोपर पूर्वेला एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सभा, रविवारी सकाळी अकरा वाजता. साठ-सत्तर माणसं जमली. बाईंना प्रमुख पाहुण्या म्हणून नारळ आणि शाल दिली. धाकू मेस्त्रीही आले होते, मागच्या खुर्चीवर. बाईंनी भाषणात पुन्हा सांगितलं की हे गाव अस्तित्वात नाही. जोरदार टाळ्या पडल्या.

मग मधुकररावांनी सभासदांची यादी वाचायला घेतली. नाव, राहण्याचं ठिकाण, मूळची आळी. शहाणी आळी, शहाणी आळी, शहाणी आळी. एकसष्ट नावं वाचून झाली. सगळीच्या सगळी शहाण्या आळीची. उंट आजारी आहे असं म्हणणाऱ्याचा वंशज साऱ्या मुंबईत एकही निघाला नव्हता.

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. उलट पुढचा ठराव तोच आला. डॉक्टरीण बाईंनी मांडला आणि इंजिनियरनी अनुमोदन दिलं. पाचव्या पानावर विहिरीचं जे वाक्य आहे, त्यात गंभीर चूक आहे. उंट शहाणा हे ज्यांनी ओळखलं, पाणी ज्यांच्यामुळे लागलं, त्यांनी आधी भरायचं आणि आजारी आळीनं नंतर, हाच रिवाज असणार. आमच्या घरी तसंच सांगतात, असं तीन-चार जण म्हणाले. एक जण म्हणाला, आजारी आळीला थोडं लांबच थांबवत असतील, संसर्गाचा प्रश्न असतो. हे तो अगदी सहज, आरोग्याच्या काळजीनं म्हणाला.

जयाबाई शाल पांघरून बसल्या होत्या. त्यांना हसू यायला हवं होतं. नसलेल्या गावातल्या नसलेल्या विहिरीवर हे लोक नसलेल्या माणसांना रांगेत मागे ढकलत होते. पण हसू आलं नाही. डोळ्यांसमोर आजी आली, खोलीत दहा पावलं मोजत चालणारी. या लोकांना कोरं गाव मिळालं होतं. त्यात त्यांना हवं ते करता आलं असतं, कारंजी, बागा, काहीही. आणि पहिल्याच सभेत त्यांनी हे केलं.

त्या उठल्या. गाव नाही असं त्या पुन्हा एकदा सांगणार, असं सगळ्यांना वाटलं.

"आजारी आळीतलं इथे कोणी आहे का?" त्यांनी विचारलं.

बाईंनी स्वतःचा हात वर केला, वर्गात पोरं करतात तसा, कोपर ताठ ठेवून.

"मी आहे," त्या म्हणाल्या. "माझी आजी आजारी आळीतली. खारसरच्या विहिरीवर ती कोणाच्या मागे थांबली नाही. हे मला पक्कं ठाऊक आहे. ठराव मागे घ्या."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पहिल्या रांगेत बसलेल्या रतनरावांनी शब्दकोडं घडी करून खिशात ठेवलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, पण बायकोचा असा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. मागच्या खुर्चीवरून धाकू मेस्त्रींनी हात वर केला आणि म्हणाले, माका पण आजारी आळीत घाला. कोकणातून वाळवंटात कसे गेलात, असं कोणीतरी विचारलं. धाकू म्हणाले, चलत.

मधुकरराव मोठ्या पेचात पडले. माणूस न्यायी होता. त्यांनी विमा कंपनीत चाळीस वर्षं दावे तपासले होते, आणि दावा दोन्ही बाजूंनी आला तर जागेवर जाऊन पाहणी करायची, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्यांनी जाहीर केलं की पुढच्या रविवारी मंडळ प्रत्यक्ष खारसरला जाईल.

प्रत्यक्ष खारसर म्हणजे अर्थात मुलुंड. पुढच्या रविवारी साडेनऊ वाजता रिक्षांची रांग लागली. धाकूंनी ताडपत्री काढून गाव झाडून ठेवलं होतं. मंडळी वेशीतून आत शिरली. डॉक्टरीण बाईंनी एका भिंतीला हात लावला. भिंत प्लायची होती, थोडी हलली. पडझड फार झालीय, त्या म्हणाल्या. चेंबूरच्या भावांनी आपलं घर ओळखलं. ते मेकअपच्या खोलीच्या मागे होतं.

विहीर चौकात होती. खोली तीन फूट, तळाला कोणीतरी विसरलेली प्लास्टिकची बादली. मधुकररावांनी चष्मा पुसून काठाची पाहणी सुरू केली. अंगठ्याएवढ्या रुंदीची, दोर घासून घासून पडते तशी एक खोल खाच काठावर होती. त्यांनी विहिरीभोवती पूर्ण फेरी मारली. दुसरी खाच नव्हती.

"मेस्त्री, ही खाच एकच कशी?" त्यांनी विचारलं.

"बाईंनी लिवल्यानी हा, दोर एक," धाकू म्हणाले. "दोर एक आसा, तर खाच पण एकच आसतली. दुसरी खंयसून येतली?"

जयाबाईंनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. बारा पानं चाळीस जणांनी पाठ केली होती, एकसष्ट जणांनी त्यांवर हक्क सांगितला होता. त्या एका वाक्यासाठी पटाशी घेऊन दिवसभर बसलेला माणूस मात्र हा एकटा. त्यांनी विचारलं, ही खाच तर टीव्हीत दिसलीही नसेल ना? धाकू म्हणाले, नाय दिसली. कॅमेरा त्या बाजूक कधी आलोच नाय.

मधुकररावांनी खाचेत अंगठा फिरवला, वही काढली आणि निकाल सांगितला. पुरावा पाहता खारसरच्या विहिरीवर एकच दोर होता, एकच जागा होती, आणि आधी-नंतरचा रिवाज असल्याची कोणतीही खूण आढळत नाही. पाचवं पान जसंच्या तसं राहील. डॉक्टरीण बाई थोड्या नाराज झाल्या, पण पुराव्यापुढे त्यांचं काही चालेना. परत जाताना पवईच्या इंजिनियरनं बाईंना बाजूला घेऊन विचारलं, की त्याच्या बायकोकडचं कोणी आजारी आळीत बसू शकेल का. बाई म्हणाल्या, जागा खूप आहे.

एप्रिलमध्ये कोर्टाचा वाद मिटला आणि सेट पाडायचं ठरलं. धाकूंनी फोन करून कळवलं. बाई गेल्या तेव्हा मंडळाची तीसेक माणसं आधीच वेशीपाशी उभी होती. जेसीबीच्या ड्रायव्हरनं विचारलं, इथे कोणाची घरं आहेत का. सगळ्यांनी हो म्हटलं. तो बिचारा खाली उतरला आणि कागद असतील तर दाखवा म्हणाला. मधुकररावांनी बारा पानं दाखवली. त्यानं पहिली दोन वाचली, उंट मेला तिथपर्यंत, आणि मग साहेबाला फोन लावला. साहेबानं त्याला काय सुनावलं ते कळलं नाही, पण तो परत यंत्रावर चढला. पाऊण तासात बाजारपेठ गेली, छत्री गेली. विहीर एकाच धक्क्यात उचलली गेली, कारण ती नुसती ठेवलेलीच होती.

आपण ज्याला एवढे महिने नाही नाही म्हणत आलो, ते डोळ्यांदेखत नाहीसं झाल्यावर रडायचं कसं, हे बाईंना कळेना. धाकू शेजारी उभे होते. स्वर्ग पाडताना एवढा वाईट नव्हता वाटला, असं ते आपल्या भाषेत म्हणाले.

धूळ बसल्यावर मधुकररावांनी रुमालानं चेहरा पुसला आणि एक राहून गेलेली शंका काढली. "बाई, गाव उठलं कशामुळे, ते तुम्ही लिहिलंच नाहीत. दुष्काळ होता, की लढाई?"

"समोर बघताय ना," बाई म्हणाल्या. "त्यामुळे."

मधुकररावांनी ते उतरवून घेतलं. आता इतिहासाला तेरावं पान आहे, आणि त्यावर खारसर हे गाव जेसीबीमुळे उठल्याची नोंद आहे.

मंडळ मात्र उठलं नाही. सभासद आता नव्वदच्या वर गेले आहेत, त्यातले चोवीस आजारी आळीचे. जयाबाई दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रतनरावांना घेऊन जातात. त्यांनी एकच अट घातली होती आणि मंडळानं ती एकमतानं मान्य केली. प्रत्येक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर पहिला विषय ठरलेला असतो: जयाबाईंचं निवेदन. त्या उभ्या राहतात आणि पाच मिनिटं, उदाहरणं देऊन, खारसर नावाचं गाव कधीही अस्तित्वात नव्हतं हे समजावून सांगतात. सगळे शांतपणे ऐकतात. सचिव ते इतिवृत्तात नोंदवतात. मग धाकू मेस्त्री चहा फिरवतात आणि विषय क्रमांक दोन निघतो. गेल्या महिन्यात तो मुलींच्या शाळेचा होता. गावात ती कुठे असायची यावर दोन तास चर्चा झाली, आणि सगळ्यात जास्त वेळ बाईच बोलल्या.